चौथी सीट

मुंबईच्या लोकलमधला बाक तीन माणसांचा आहे. हे रेल्वेला ठाऊक आहे, बाक बनवणाऱ्याला ठाऊक आहे आणि त्यावर बसलेल्या तिघांनाही ठाऊक आहे. तरीही कुर्ला आलं की चौथा माणूस येतो, तिसऱ्याच्या गुडघ्यापाशी उभा राहतो आणि हाताची बोटं किंचित हलवतो. तोंडानं काही बोलत नाही. तिसरा दुसऱ्याकडे बघत नाही, दुसरा पहिल्याकडे बघत नाही, पण खिडकीपाशी सुरू झालेली एक बारीकशी हालचाल बाकाच्या टोकापर्यंत येते आणि टोकाला चार-सहा इंच जागा मोकळी होते. चौथा तिथं बसतो. म्हणजे निम्मा बाकावर आणि निम्मा वाटेत, एक पाय जमिनीत रोवून. पण तो आता उभा नाही, एवढं नक्की.

आपल्या लोकांना सार्वजनिक ठिकाणी वागायचं कळत नाही, असं सांगणारी मंडळी मला अधूनमधून भेटतात. ती बहुधा नुकतीच परदेशातून आलेली असतात किंवा लवकरच जायची असतात. आपल्याकडे कोणी कोणाला ‘थँक यू’ म्हणत नाही, मागून येणाऱ्यासाठी दार धरत नाही, धक्का लागला तर ‘सॉरी’ म्हणत नाही, अशी त्यांची यादी असते. यादी खरी आहे. माझं म्हणणं एवढंच की ही मंडळी सौजन्य तोंडात शोधतात, आणि आपलं सौजन्य तिथं राहतच नाही. ते कमरेखाली राहतं. दुसऱ्यासाठी आपण किती सरकतो, यात ते असतं. आणि मोजायचंच झालं तर इंचांत मोजावं लागतं.

चौथ्या सीटचा कायदा कुठल्याही वेळापत्रकात छापलेला नाही, तरी तो डोंबिवलीच्या पोराला दहावीच्या आत पाठ असतो. खिडकीवाला उतरला की तिघंही एकेक जागा आत सरकतात, चौथ्याची तिसऱ्या जागेवर बढती होते आणि रिकामं झालेलं टोक दोन बाकांच्या मध्ये जो सगळ्यांत आधी येऊन उभा राहिला त्याचं. दाराजवळच्या माणसानं मध्येच मुसंडी मारायची नाही. बढती मिळाल्यावर नव्या चौथ्यासाठी सरकायचं, ‘आत्ताच तर बसलो’ असं म्हणायचं नाही. लांबच्या गाडीत मागायची सोय आहे, दोन स्टेशनांसाठी मागणं हलकेपणाचं. झोपलेल्याला उठवायचं नाही. त्याच्या गुडघ्याला हलकेच बोट लावलं की तो झोपेतच सरकतो. मी हे इतक्या वेळा पाहिलं आहे की माणसाचा मेंदू झोपतो तेव्हा त्याची कंबर जागी असते, अशी माझी खात्री झाली आहे. फर्स्ट क्लासात मात्र ही प्रथा फारशी चालत नाही. तिथं तिघं म्हणजे तिघं. चौथ्यानं बोटं हलवलीच, तर तिसरा त्या बोटांकडे असा बघतो की आपण खिसा कापायला आलो आहोत असं त्या बिचाऱ्याचं त्यालाच वाटू लागतं.

बायकांच्या डब्यातला कायदा याहून प्रगत आहे. मी जे लिहितो आहे ते घरून आलेल्या माहितीवर, पण माहिती देणारीनं त्या डब्यात अर्धी नोकरी काढली आहे. तिथं आत शिरल्याबरोबर बसलेल्या बाईला एकच प्रश्न विचारायचा असतो : “कुठे?” उत्तर येतं, “ठाणा.” “मला.” झालं, व्यवहार पुरा झाला. आता ती जागा ठाण्यापासून हिची. मागून आलेली दुसरी विचारते, तिला बसलेली सांगते, “ठाणा, पण दिलीय.” मग दुसरी हिलाच विचारते, “तुम्ही कुठे?” आणि हिच्यानंतरची जागा लावून ठेवते. अशा रीतीनं गाडी दादर सोडते तेव्हा एकेका जागेचे डोंबिवली-कल्याणपर्यंतचे वारस ठरलेले असतात. जागा लावलेली बाई गर्दीत पलीकडे ढकलली गेली, तर उठणारी जाता जाता हाका मारते, “अहो, त्या निळ्या ड्रेसवाल्या ताई कुठायत?” आणि त्या पोचेपर्यंत अर्धवट उठलेल्या अवस्थेत जागा राखते. घाटकोपर सांगून ठाण्यापर्यंत बसून राहणं याला त्या डब्यात क्षमा नाही. स्टँप पेपर नाही, साक्षीदार नाहीत, नाव-गाव माहीत नाही, आणि तरीही रोज हजारो करार तोंडी होतात आणि पाळले जातात. १९९२ साली पश्चिम रेल्वेनं अख्खी गाडीच बायकांसाठी सोडली, तेव्हा हा कायदा डब्यातून निघून सगळ्या गाडीला लागू झाला, एवढाच काय तो फरक.

बदलापूर-कर्जतकडच्या जुन्या गटांमध्ये याहीपुढची पायरी आहे. गाडी सुटते तिथं चढणाऱ्यांना जागा मिळते. ते अर्ध्या वाटेवर आपण होऊन उठतात आणि मधल्या स्टेशनांवर चढलेल्या सोबत्यांना बसवतात. कोणी कोणाचे आभार मानत नाही. उठणारा फक्त गुडघे सरळ करताना एकदा कण्हतो आणि बसणारा डोळे मिटतो. आभार मानण्याएवढा परकेपणा त्यांच्यात उरलेला नसतो.

एकदा उभं राहिलं की सौजन्याचे वेगळे विभाग सुरू होतात. बॅग रॅकवर टाकायची तर आपण तिथंवर पोचायची गरज नसते. बॅग पुढच्याच्या हातात द्यायची, ती चार डोक्यांवरून जाते आणि रॅकवर बसते. उतरताना ‘ती काळी’ म्हणायचं, मग तीन काळ्या बॅगा उचलून दाखवल्या जातात आणि आपली परत त्याच रस्त्यानं येते. आत काय आहे, कोणी विचारत नाही. वर्तमानपत्र वाचायचं तर चौघडी घालून, शेजाऱ्याच्या नाकाला कोपरा लागणार नाही असं. शेजारी आपल्याबरोबर वाचणार हे गृहीत असे. पान उलटण्यापूर्वी सभ्य माणूस क्षणभर थांबत असे. आतली पुरवणी मागण्याचा हक्क समोरच्याला होता. आता सगळे मोबाइलमध्ये वाचतात आणि शेजाऱ्याची नजर पडली की पडदा तिरका करतात. पुरवणी मागता येत होती, मोबाइल कसा मागणार?

आणि कंगवा. जुन्या डब्यांतले पंखे सुरू होताना अडतात. बटण दाबलं तरी पाती जागची हलत नाहीत, मग जाळीतून काहीतरी घालून त्यांना एक टिचकी द्यावी लागते. पेन चालतं, पण कंगवा उत्तम. त्यामुळे डब्यात कोणी एकानं “कंगवा आहे का?” असं विचारलं तर त्याचा केसांशी संबंध नसतो. पूर्ण टक्कल असलेले एक गृहस्थ आमच्या गाडीला असत. त्यांच्या वरच्या खिशात कायम कंगवा असायचा. तो त्यांनी कधी स्वतःसाठी वापरला नाही. सार्वजनिक कार्यकर्ता याहून वेगळा काय असतो?

गर्दी फार वाढली की मात्र हे सगळं थांबतं आणि न करण्याच्या गोष्टी सुरू होतात. ऐन गर्दीच्या वेळच्या या अवस्थेला रेल्वेच्या कागदपत्रांत ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असं भारदस्त नाव आहे. उभ्यानं एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं. एक चौरस मीटर म्हणजे पंगतीचे चार पाट लागून मांडले तर होईल तेवढी जागा. या अवस्थेत माणसाकडे शिल्लक राहतं ते सौजन्य नकाराचं असतं. पाठीवरची सॅक पोटावर घ्यायची. समोरच्याच्या चेहऱ्यापासून आपला चेहरा चार बोटांवर असताना त्याच्याकडे बघायचं नाही. त्याच्या कानामागे कुठंतरी, फार तर जाहिरातीकडे बघायचं. शिंक आली तर मान छताकडे. आणि ‘सॉरी’ म्हणायचं नाही. लागलेल्या प्रत्येक धक्क्याची माफी मागायची ठरवली, तर कल्याणला उतरून घरी पोचल्यावरही दादरच्या आधीचे हिशेब बाकी राहतील.

या डब्यांत भांडणं होत नाहीत असं कोण म्हणेल? ती होतात, पण त्यांचीही एक रीत आहे. पहिला म्हणतो, “नीट उभं राहता येत नाही का?” दुसऱ्यानं “एवढा त्रास होत असेल तर टॅक्सीनं जात जा” असं म्हणायचं. हे वाक्य मुंबईत टॅक्सी आल्यापासून चालू असावं. मग दोघंही आपण किती वर्षं या गाडीनं येतो ते सांगतात. तेवढ्यात तिसरा कोणीतरी, ज्याचा दोघांशी संबंध नाही, म्हणतो, “जाऊ द्या हो, दोन स्टेशनांचा तर प्रश्न आहे.” प्रश्न प्रत्यक्षात बारा स्टेशनांचा असतो, पण दोघं थांबतात. थांबायला काहीतरी निमित्त हवं असतं, ते पुरवणं हे तिसऱ्याचं काम. मी पाहिलं आहे की पुढं जागा रिकामी झाली की याच दोघांतला एक दुसऱ्याला डोळ्यानंच ‘बसा’ म्हणतो.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली तेव्हा तिला चौदा डबे होते, सुमारे चारशे पाहुणे होते आणि २१ तोफांची सलामी होती. म्हणजे डब्याला तीस माणसंसुद्धा नव्हती. गर्दीच्या वेळी आज तेवढे चारशे जण एकाच डब्यात असतात. त्या दिवशी कोणी कोणासाठी सरकलं नसणार, कारण कोणाला गरजच नव्हती. मला वाटतं तोफा त्यामुळेच लागल्या. माणसांना आपण होऊन एकमेकांचा मान ठेवायला कारण नसलं, की मग समारंभानं ठेवावा लागतो.

लोकलमध्ये जागा देहानं मिळते, एस.टी.त ती वस्तूनं मिळते. १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला पहिली एस.टी. सुटली. तेव्हापासून आजवर आरक्षणाच्या नाना पद्धती आल्या, खिडक्या आल्या, संगणक आले, मोबाइलवरची तिकिटं आली; पण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची पद्धत जनतेची स्वतःची. गाडी स्टँडात वळण घेत असते, माणसं तिच्याबरोबर धावत असतात आणि खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या आत पडत असतात. या वस्तूंना उतरंड आहे. रुमालापेक्षा टोपी वरचढ, टोपीपेक्षा पिशवी, आणि सगळ्यांत वर खिडकीतून आत सोडलेलं मूल. वर्तमानपत्राला किंमत नाही, कारण पहिला येणारा ते उचलतो, खाली बसतो आणि वाचायला लागतो. पण रुमालाला हात लावायचा नाही. दारातून धक्के खाऊन आधी आत आलेला माणूस त्या चुरगळलेल्या, घामेजलेल्या, निनावी फडक्याकडे बघतो आणि उभा राहतो. सातबाऱ्यावर नाव असलेल्या जमिनीलासुद्धा महाराष्ट्रात इतका मान मिळत नाही.

एस.टी.त रंगवलेली आरक्षणंही असत : स्त्रियांकरिता, अपंगांकरिता, स्वातंत्र्यसैनिकांकरिता आणि आमदार-खासदारांकरिता. यांतल्या शेवटच्या आरक्षणाच्या बाकावर आमदार बसलेला मी तरी बघितला नाही. तिथं बसणाऱ्याला लोक सगळा प्रवासभर ‘साहेब’ म्हणतात आणि तो तसं म्हणून घेतो. अलीकडे ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीट नाही आणि मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं. गाड्यांना गर्दी वाढली, हे उघडच आहे. पण एक गंमत मला दिसते. फुकट प्रवास करणारे आजोबा पूर्ण तिकीट काढून उभ्या असलेल्या पोराला विचारतात, “बसतोस का रे जरा? मी थोडा उभा राहतो.” पोरगा अर्थातच नको म्हणतो. तो नको म्हणणार हे आजोबांनाही माहीत असतं. विचारायचं असतं, म्हणून विचारलेलं असतं.

हे ‘विचारायचं असतं’ प्रकरण जेवणाच्या वेळी फार रंगतं. दुपारची लांब पल्ल्याची गाडी, खिडकीतून ऊन, आणि शेजारच्या बाई मांडीवर फडकं सोडतात. भाकरी, लसणाची चटणी, एखादा कांदा. पहिला घास मोडण्याआधी त्यांनी आपल्याकडे वळून “या जेवायला” म्हणायचं असतं आणि आपण “चालू द्या, चालू द्या, आत्ताच झालंय” म्हणायचं असतं. आपण सकाळपासून उपाशी असलो तरी आत्ताच झालेलं असतं. मग त्या “अहो, एक घास तरी” म्हणतात आणि आपण पोटावर हात ठेवतो. तिसऱ्यांदा आग्रह झाला तर तो खरा. तेव्हा चतकोर भाकरी घ्यायची आणि नंतर आपल्या पिशवीतली केळी काढायची. दुसऱ्यांदाच ‘हो’ म्हणणारा माणूस शहरातला म्हणून ओळखू येतो. अजिबात न विचारता स्वतःचं स्वतः खाणारा माणूसही शहरातलाच. पण विमानात शेजाऱ्याला “या जेवायला” म्हणून बघा. तो घाबरून हवाईसुंदरीला बोलवायची घंटा दाबेल.

सुट्या पैशांचं तर स्वतंत्र पुराणच होईल. कंडक्टर तिकिटाच्या मागे आकडा लिहून देतो. तो आकडा म्हणजे आपलं देणं आहे हे तो विसरत नाही, आणि आपण मात्र सगळा प्रवास तिकीट मुठीत धरून ‘विसरेल का’ या काळजीत काढतो. अगदीच सुटे नसले की एकाच गावी उतरणाऱ्या तिघांना तो एक नोट देतो आणि सांगतो, “वाटून घ्या.” आयुष्यात पहिल्यांदा भेटलेली तीन माणसं शंभराच्या एका नोटेची भागीदार होऊन स्टँडवर उतरतात. नोट कोणाच्या हातात आहे यावर उरलेल्या दोघांची नजर असते. मग कोणाच्याच पोटात भूक नसताना टपरीवर चहा होतो, नोट मोडते, हिशेब होतो आणि त्यात एकाचा चुलतभाऊ दुसऱ्याच्या साडूच्या गावचा निघतो. कंडक्टरच्या हातातल्या मशीनवर क्यूआर कोड आला आणि ही भागीदारी बुडाली. सोय झाली हे खरंच. चहाचं गिऱ्हाईक गेलं, हेही खरं.

सातारा-सांगली-कोल्हापूरकडे वडाप नावाची संस्था आहे. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि ‘भरली’ याची व्याख्या ड्रायव्हरकडे असते. तिथं सरकणं संपलं की पुढची युक्ती येते : “एक पुढं, एक मागं.” म्हणजे एकानं पाठ टेकवून बसायचं, शेजाऱ्यानं बाकाच्या कडेला येऊन वाकायचं, तिसऱ्यानं पुन्हा पाठ टेकवायची. खांद्याला खांदा न लागता चारच्या जागी सहा मावतात. शाळेत शिकवलेली भूमिती एवढी उपयोगी पडलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही. अर्ध्या वाटेत पुढं वाकलेले मागं येतात आणि मागचे पुढं. हेही कोणी सांगत नाही.

रांगेविषयी थोडक्यात, कारण मुंबईकरांनी तिचं कौतुक स्वतःच भरपूर करून ठेवलं आहे. शहरात पहिली बस १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्चहून क्रॉफर्ड मार्केटला गेली, आणि त्यानंतर केव्हातरी मुंबईकर दोनच माणसं असली तरी एकामागे एक उभे राहू लागले. मला त्याहून आमच्या गावातली रॉकेलची रांग आवडायची. तीत माणसं नसत. डबे असत, विटा असत, एखादी फाटकी चप्पल असे. माणसं पिंपळाखाली गप्पा मारत बसलेली. दुकान उघडलं की प्रत्येक जण आपापल्या विटेपाशी जाऊन उभा राही. रात्रीत कोणाची वीट मागं सरकलेली नसे.

आता जिथं जागा भरपूर आहे तिथं चला. नाट्यगृहात प्रत्येकाला क्रमांकाची खुर्ची आहे, हात ठेवायला दांडी आहे, कोणी कोणासाठी सरकायचं नाही. तिसरी घंटा होते, मोबाइल बंद ठेवण्याची विनंती होते, ती विनंती विनोदी असेल तर तिला हशाही मिळतो, आणि पहिल्याच गंभीर प्रसंगी चौथ्या रांगेत कोणाच्या तरी पर्समध्ये गणपतीची आरती सुरू होते. पर्सला कप्पे सात. आरती दोन कडवी होते. मग बाई फोन उचलतात आणि हळू आवाजात, म्हणजे शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात, “नाटकात आहे” असं सांगतात. नटांनी प्रयोग थांबवून हात जोडल्याच्या बातम्या आपण वाचतो. तीच बाई सकाळी आठ-सोळाच्या गाडीत फोन आला तर “उतरल्यावर करते” एवढंच बोलून ठेवत असेल, याबद्दल मला शंका नाही. गाडीत तिच्या खांद्याला चार खांदे लागलेले असतात. इथं खांद्याला मखमल लागते.

विमान थांबतं न थांबतं तोच दोन्ही बाजूंची सगळी माणसं उठून, मान वाकडी करून वरच्या कप्प्यांखाली उभी राहतात. दार उघडायला वेळ आहे, खाली बसही एकच आहे, सामान एकाच पट्ट्यावर येणार आहे. त्यांच्यात निम्मे तरी लोकलवाले असतील. पण तिथं कोणी “कुठे?” विचारत नाही, बॅग डोक्यांवरून पुढं जात नाही, तिसरा माणूस ‘दोन स्टेशनांचा प्रश्न’ म्हणत नाही. प्रत्येकानं आपापल्या जागेचे पैसे वेगळे भरलेले असतात आणि पैसे भरून घेतलेली जागा कोणी कोणाला देत नाही, फर्स्ट क्लासच्या बाकासारखीच. आमच्या इमारतीच्या लिफ्टवर ‘सहा माणसे’ असं लिहिलं आहे. तिघं असले की चौथा आपण होऊन म्हणतो, “तुम्ही व्हा पुढं, मी येतो मागनं.” याला आम्ही शिष्टाचार म्हणतो. हाच माणूस कुर्ल्याला बोटं हलवून चार इंच मागत असतो.

मेट्रो २०१४ साली वर्सोवा-घाटकोपर मार्गावर सुरू झाली तेव्हा फलाटावर बाण रंगवलेले होते : उतरणारे मधून, चढणारे कडेनं. बाण सुंदर आहेत. माणसं बाणांवर उभी राहतात. लोकलच्या फलाटावर बाण नाहीत, पण दादरला उतरायचं असेल तर माटुंग्याच्या आधी “दादर? दादर?” असं पुढच्याला विचारत आपण त्या अदृश्य रांगेत सामील होतो, आणि न उतरणारा माणूस आपण होऊन अंग चोरून आपल्याला पुढं घेतो. मला बाणांचा राग नाही. पण ज्या गोष्टी बाण काढून सांगाव्या लागतात त्या बहुधा अजून शिकायच्या असतात. जिन्याच्या कोपऱ्यांत थुंकू नये म्हणून सगळ्या धर्मांच्या देवांच्या टाइल्स बसवतात, तेही याच जातीचं. देव तिथं पहारेकऱ्याच्या नोकरीला लागले आहेत, बिनपगारी. लोक तरीही थुंकतात. फक्त दोन टाइल्सच्या मधली जागा नेम धरून शोधतात.

गर्दीचं सौजन्य सगळ्यांत मोठ्या प्रमाणावर पाहायचं तर आषाढात पालखीच्या वाटेवर उभं राहावं. लाखांनी माणसं, आणि ओळख नसताना एक दुसऱ्याच्या पायाला हात लावतो, दुसरा पहिल्याच्या. वाट हवी असली तरी ‘माउली, माउली’ आणि पाय पडला तरी ‘माउली’. आळंदीहून निघणाऱ्या ज्ञानेश्वर माउलींच्या सोहळ्यात रथापुढे २७ दिंड्या आणि बाकीच्या रथामागे, प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला. तो कोणी ओलांडत नाही. मुक्कामाच्या ठिकाणी समाज आरती होते तेव्हा सगळ्या दिंड्यांचे टाळ-मृदंग चालू असतात. मग चोपदार हातातला दंड उंच धरतो, आवाज देतो आणि एवढा मोठा समुदाय एकदम गप्प होतो. हरवल्या-सापडल्या वस्तू सांगितल्या जातात. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असली, तर ती गप्प बसत नाही. ती टाळ वाजवतच राहते. ओरडत नाही, निवेदन देत नाही, फक्त टाळ वाजवते. चोपदार तिच्यापाशी जातो, काय झालं ते विचारतो, निवाडा होतो, मग ते टाळही थांबतात.

ही पद्धत मला इतकी पटली की आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत मी तसा ठराव मांडला. सभा सुरू झाली की सगळ्यांनी गप्प बसायचं. ज्याची तक्रार असेल त्यानं टाळ वाजवायचे. अध्यक्षांनी त्याच्याजवळ जाऊन विचारायचं. सभागृहात क्षणभर शांतता झाली, आणि हेच आमच्या सभेच्या इतिहासात पहिल्यांदा घडत होतं. मग अध्यक्ष म्हणाले, सूचना स्तुत्य आहे, पण गाड्या साठ आहेत आणि पार्किंग चाळीस, म्हणजे किमान वीस जोड टाळ लागतील. हा खर्च मेंटेनन्समधून करायचा की सिंकिंग फंडातून? त्यावर पाऊण तास सगळे एकदम बोलत होते. शेवटी तीन कोटेशनं मागवावीत असं ठरलं.